बसऱ्याला गेलेले आजोबा: एका घराच्या कागदपत्रांचा शोध

माझ्या मैत्रिणीच्या आईला मी मावशी म्हणते. त्यांचं वय ब्याऐंशी. त्यांच्या माहेरी दर वर्षी सर्वपित्री अमावास्येला एक पान जास्तीचं वाढतात, मावशींच्या आजोबांसाठी, म्हणजे वडिलांच्या वडिलांसाठी. आजोबा पहिल्या महायुद्धात गेले आणि परत आले नाहीत. कोणत्या दिवशी गेले हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे तिथी नाही, आणि तिथी नाही म्हणून अमावास्या. मी जुनी कागदपत्रं बघते हे कळल्यावर मावशी एवढंच म्हणाल्या, "अगं, वडील गेले तोवर त्यांच्या मनात ते होतं. त्या दिवसाचा पत्ता लागतो का बघ."

हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण आपल्याकडच्या बहुतेक घरांची अडचण अशीच असते. इतिहास माहीत असतो, पण त्याला ना गाव असतं, ना साल, ना पूर्ण नाव. घरात जहागिरीची सनद नाही, वतनाचा कागद नाही, छापील कुलवृत्तांत नाही. अशा घराचा माग कुठे लागतो आणि कोणत्या क्रमाने लागतो, ते या एका शोधात मला नीट उमगलं.

हाताशी काय होतं

पहिल्या दिवशी मी मावशींना फक्त बोलू दिलं आणि फोनवर आवाज मुद्रित केला. मध्ये बोलायचं नाही, दुरुस्त करायचं नाही, "नक्की का?" असं विचारायचं नाही, हा नियम मी कटाक्षाने पाळते. एकदा माणसाला वाटलं की आपली परीक्षा चालली आहे, की तो खात्रीचं तेवढंच सांगतो, आणि शोधाला लागणारा धागा नेमका बिनखात्रीच्या बोलण्यात असतो.

त्यातून पाच गोष्टी निघाल्या. आजोबा "बसऱ्याला" गेले. सरकारने एक चांदीचा बिल्ला पाठवला होता, तो पुढे मोडून मावशींच्या आईच्या पायातली जोडवी केली. आजी "धसक्याने" गेली. वडिलांना त्यांच्या मामाने आपल्या गावी नेऊन वाढवलं. आणि मूळ गाव "तिकडे साताऱ्याकडे" होतं. गावाचं नाव काही मावशींना आठवेना. वडील बोलताना "आपली वाडी" एवढंच म्हणायचे.

बिल्ला मोडला हे ऐकून मला हळहळ वाटली. त्या युद्धाच्या पदकांवर शिपायाचं नाव, क्रमांक आणि पलटण कोरलेली असे. चांदीच्या पदकाच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत ते सगळं असतं. ज्यांच्या घरी असं जुनं पदक आहे, त्यांनी ते ब्रासोने घासू नये. भिंगातून कड वाचावी आणि फोटो काढून ठेवावा. इथे तो मार्ग बंद झाला होता.

आजीचं नाव विचारलं तेव्हा मावशी गप्प झाल्या. "आजी. आजीच म्हणायचे वडील. नाव नाही गं माहीत." मी वहीत त्या जागी रेघ मारून ठेवली.

तीन आठवडे चुकीच्या दारात

युद्ध आणि बसरा हे दोन शब्द मिळाले म्हटल्यावर मी थेट कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर गेले. दोन्ही महायुद्धांत मेलेल्या राष्ट्रकुलातल्या सैनिकांची यादी तिथे कोणालाही मोफत शोधता येते. इराकमध्ये बसरा स्मारक आहे. 1914 च्या शरदापासून 1921 च्या ऑगस्टपर्यंत मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकच्या भागात, गेलेल्या आणि ज्यांची कबर वा दहनाची जागा माहीत नाही अशा 40,600 हून अधिक जणांचं ते स्मारक आहे. 1929 साली ते उभं राहिलं. भिंतीवर इंग्रज सैनिकांची नावं कोरली गेली. भारतीय शिपायांच्या बाबतीत मात्र पलटणीचं नाव आणि पुढे मेलेल्यांचा आकडा एवढंच आलं, नावं गेली नोंदवहीत. या भेदभावाची कबुली कमिशनने 2021 साली स्वतःच्या चौकशी अहवालात दिली. नोंदवही आता संगणकावर आहे, त्यामुळे दगडावर नसलेलं नाव पडद्यावर सापडू शकतं.

मी आडनाव घातलं. जवळपास काहीच आलं नाही. आजोबांचं पहिलं नाव घातलं, तर शेकडो आले. नावाची स्पेलिंगं बदलून पाहिली, शेवटचा 'राव' काढला, 'जी' लावला, 'बा' लावला. सखारामाचा तिथे सखू झालेला असतो आणि तुकारामाचा तुका. आडनावाच्या जागी कधी कुळी, कधी बापाचं नाव, कधी काहीच नाही. तीन आठवडे रोज रात्री मी या याद्या चाळत होते. माझी चूक साधी होती. मी माणूस शोधत होते, आणि गावाशिवाय त्या काळचा शिपाई ओळखता येतच नाही. पलटणीच्या कारकुनाने त्याला ओळखलं ते असं: अमुक, तमुकचा मुलगा, राहणार या गावचा, तालुका हा, जिल्हा हा. यातलं गाव मला माहीत नव्हतं आणि बापाचं नावही माहीत नव्हतं.

मग यादी बंद केली आणि मावशींच्या वडिलांकडे वळले. त्यांचं बालपण मामाच्या गावी गेलं, ते गाव माहीत होतं आणि तिथली मराठी शाळा अजून चालू आहे.

शाळेचं रजिस्टर

आपल्या प्राथमिक शाळांमधलं जनरल रजिस्टर हा घराण्याच्या शोधातला सगळ्यात दुर्लक्षित कागद आहे असं माझं ठाम मत झालं आहे. मुलगा दाखल झाला की एक ओळ: अनुक्रमांक, नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. शंभर वर्षांपूर्वीची रजिस्टरं पुष्कळ शाळांत आजही कपाटात आहेत. मावशींच्या भावाच्या सहीचा अर्ज, त्यांचं ओळखपत्र आणि वडिलांच्या मृत्यूचा दाखला घेऊन आम्ही गेलो. मुख्याध्यापकबाईंनी स्वतः रजिस्टर काढून दिलं, आणि पानं उलटायला दोन तास शेजारी बसल्या.

ओळ सापडली 1920 सालात. शाई तपकिरी झालेली, कागदाच्या कडा बोट लावताच सुटत होत्या. नाव बरोबर. पालकाच्या रकान्यात मामाचं नाव, त्यापुढे कंसात 'मामा'. आणि जन्मस्थळाच्या रकान्यात एका गावाचं नाव, पुढे तालुका. मावशींनी तो फोटो पाहिला आणि गावाचं नाव मोठ्याने वाचलं. मग म्हणाल्या, "हेच. हेच म्हणायचे ते." साठ-पासष्ट वर्षं कुठेतरी बुडून राहिलेला शब्द कागद बघताच वर आला.

जन्मतारीख मात्र मी पेन्सिलनेच टिपली. त्या काळी शाळेत नाव घालताना मास्तर मुलाचं वय अंदाजाने ठरवत. म्हणून तर आपल्या आजोबांच्या पिढीतल्या इतक्या जणांचा वाढदिवस 1 जूनला येतो. रजिस्टरातल्या गावावर विश्वास ठेवावा, तारखेवर दुसरा पुरावा मिळेपर्यंत ठेवू नये.

लगेच नवा गुंता समोर आला. त्या नावाची गावं दोन, एक बुद्रुक आणि एक खुर्द, मध्ये फक्त ओढा. बुद्रुक म्हणजे मोठं आणि खुर्द म्हणजे धाकटं, हे फारसीतून आलेले शब्द आपल्या महसुली कागदांत पक्के बसलेले आहेत. मास्तरांनी नुसतं गाव लिहिलं होतं. शिवाय त्या तालुक्याचा जिल्हाही बदललेला. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातले तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके 1949 साली दक्षिण सातारा म्हणून वेगळे झाले आणि 1960 पासून त्या जिल्ह्याला सांगली म्हणतात. आमचा तालुका यांपैकीच. "साताऱ्याकडे" ही मावशींची आठवण शंभर टक्के खरी होती, आजच्या नकाशात मात्र तो सातारा नव्हता. जुन्या जागेचा शोध घेताना त्या सालातला जिल्हा कोणता हे आधी पाहून घ्यावं. दप्तरं कधी जुन्या जिल्ह्यात राहतात, कधी नव्या जिल्ह्यात जातात.

कोतवाल बुक

जन्म-मृत्यूची नोंद आज ग्रामपंचायत ठेवते. जुन्या काळी ती गावच्या दप्तरात, गाव नमुना क्रमांक 14 मध्ये असे. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. ही बुकं बहुतेक ठिकाणी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात आहेत. काही जिल्ह्यांतली जुनी महसुली पानं राज्य शासनाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेली मिळतात, त्यामुळे घराबाहेर पडण्याआधी तिथे बघून घ्यावं. आमच्या गावाचं आम्हाला हवं ते बुक तिथे दिसलं नाही, म्हणून नकलेचा अर्ज केला.

इथे दोन महिने गेले. एका खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने सांगितलं बुक जीर्ण आहे, दाखवता येणार नाही. मला राग आला होता हे लपवत नाही. पण अर्जात नुसतं "जुन्या नोंदी" असं लिहिलं होतं, तेही बरोबर नव्हतं. दुसऱ्या अर्जात गावाचं नाव बुद्रुक-खुर्दसह, नमुना क्रमांक, सालं 1912 ते 1919, आणि कोणाची कोणती नोंद हवी ते नेमकं लिहिलं. त्यावर एका तरुण अव्वल कारकुनाने गठ्ठा स्वतः सोडला. कापडात बांधलेला, लाल दोरीचा, आत वाळवीने केलेल्या नागमोडी वाटा.

बुक मोडीत. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायची. शब्दांमध्ये अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नाही. मी मोडी शिकले आहे, तरी प्रत्येक कोतवालाचा हात वेगळा असतो आणि पहिला तास फक्त त्याचा 'र' आणि 'स' ओळखण्यात जातो. ज्यांना मोडी येत नाही त्यांनी थांबू नये. पुराभिलेख संचालनालय आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ यांनी मोडीचे वर्ग चालवले आहेत, आणि पैसे घेऊन वाचून देणारे जाणकारही मिळतात. मात्र वाचून घेताना लिप्यंतर मागावं, सारांश मागू नये. सारांशात वाचणाऱ्याचा तर्क मिसळतो.

तीन शब्द पाठ असले की या नोंदी उघडायला लागतात: बिन, वलद आणि कोम. 'अमुक बिन तमुक' म्हणजे तमुकचा मुलगा. वलदही तसंच. 'अमुक कोम तमुक' म्हणजे तमुकची बायको. बाईची नोंद शोधताना 'कोम'च्या पुढे नवऱ्याचं नाव येतं, म्हणून नजर आधी त्या नावावर ठेवायची आणि मग उजवीकडून डावीकडे सरकायचं.

खुर्दच्या बुकात काही नाही. बुद्रुकच्या बुकात 1913 सालच्या जन्मांत एक ओळ: 'मुलगा', बापाचं नाव, बिन, आणि त्याच्याही बापाचं नाव. बाळाचं नाव नाही. जन्माच्या नोंदीत ते क्वचितच असतं, कारण नोंद बारशाआधी होते. पण आजोबांच्या बापाचं नाव हाती आलं. चार महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं की आता हा माणूस सापडणार.

आजोबांचा मृत्यू मी 1914 पासून 1919 पर्यंत शोधला. नाही. हे अपेक्षितच होतं, कारण कोतवाल लिहितो ते गावात मेलेल्या माणसाला. नोंद नसणं हीसुद्धा एक माहिती आहे, आणि ती वहीत तारीख घालून लिहून ठेवावी: कोणतं बुक, कोणती सालं, काय सापडलं नाही.

आणि मग 1918 चा ऑक्टोबर आला. तोपर्यंत दोन-तीन महिन्यांचे मृत्यू एका पानात मावत होते. ऑक्टोबरला एकामागून एक पानं. रकान्यात कारण: ताप. खाली ताप. त्याखाली ताप. एका ठिकाणी एकाच घरातली तीन माणसं, लागोपाठ, तीन दिवसांत. कोतवालाचं अक्षर वाकडं होत गेलेलं, शेवटी शेवटी त्याने 'सदर'ची, म्हणजे 'वरीलप्रमाणे'ची, खूण करायला सुरुवात केलेली. इन्फ्लुएन्झाची ती साथ मुंबई इलाख्यात त्या सप्टेंबर-ऑक्टोबरातच शिगेला पोचली होती, हे मी अनेकदा वाचलं होतं. पण एका गावाचं पान बोटाखाली धरणं वेगळं. मी थोडा वेळ बुक मिटून बसले.

दुसऱ्या पानाच्या मध्यावर ती ओळ होती. नाव, कोम, आजोबांचं नाव. वय अंदाजे बावीस. ताप.

आजी धसक्याने गेली नव्हती. कदाचित धसकाही असेल, तीन वर्षांचा. पण तिला नेलं साथीने, दसऱ्याच्या आसपास. आणि त्या ओळीत तिचं नाव होतं. ते नाव मी इथे लिहीत नाही, ते त्या घराचं आहे.

फेरफार, आणि भावकीची शंका

जमीन असेल तर वारस नोंद असते, हे धरून चाला. मुंबई इलाख्यात 1903 च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली, तेव्हापासून माणूस गेला की त्याच्या नावावरची जमीन वारसांच्या नावे करताना फेरफार घातला जातो. तो गाव नमुना 6 मध्ये असतो. त्यात मयताचं नाव, साल, वारस, त्यांची नाती आणि वयं येतात. माझ्या मते कौटुंबिक इतिहासासाठी याहून भरवशाचा कागद सामान्य घराला मिळत नाही, कारण त्यावर हरकत घ्यायला भाऊबंद टपलेले असतात.

नेमकी तीच अडचणही आहे. आम्ही गावात जुने फेरफार विचारतो आहोत हे संध्याकाळपर्यंत भावकीला कळलं, आणि दुसऱ्या दिवशी चहा थंडपणाने आला. शंभर वर्षांनी हिस्सा मागायला आले, असं त्यांना वाटणं स्वाभाविक होतं. मावशींच्या भावाने सगळ्यांसमोर सांगितलं की आम्हाला जमीन नको, आजोबांची तारीख हवी आहे, आणि हवं तर तसं लिहून देतो. खरं तर हे आम्ही पहिल्याच दिवशी, कचेरीत जाण्याआधी, गावातल्या थोरल्या घरी जाऊन सांगायला हवं होतं. त्यानंतर त्याच घरातल्या एका आजोबांनी स्वतःच्या ट्रंकेतून जुन्या नकलांची पुरचुंडी काढून दिली. जी नक्कल कचेरीतून मिळायला अजून महिना गेला असता ती तिथे होती.

फेरफाराची तारीख 1917 ची. मजकूर असा की सदर इसम लढाईत मयत, पलटणीकडील कागद पाहिला, साल 1915, वारस मुलगा, वय चार, अज्ञान, अ.पा.क. आई. अज्ञान म्हणजे वयात न आलेला, आणि अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ती. आजीचं तेच नाव इथेही होतं, कोतवाल बुकातल्या नावाशी जुळणारं. पुढच्या वर्षी ती गेली आणि त्या ओळीला पुन्हा फेरफार लागला, पालनकर्ता म्हणून चुलत्याचं नाव. मुलगा मात्र मामाकडे गेला.

नाशिकला तीर्थोपाध्यायांकडच्या वहीतही आम्ही पाहिलं. या नामावळ्या गाव आणि आडनाव धरून लावलेल्या असतात, त्यामुळे गाव सापडल्यावरच तिथे जाण्यात अर्थ. भावकीतल्या कोणीतरी केलेल्या यात्रेची नोंद होती, आणि त्यात आजोबांच्या वडिलांचं नाव तेच निघालं. पुण्यातल्या पेशवे दप्तरात मात्र मी गेले नाही. इनाम, वतन, सरंजाम असलेल्या घरांना तिथे खजिना आहे. 1852 नंतर इनाम कमिशनने मागवलेल्या कैफियतींत अनेक घरांच्या वंशावळी मिळतात. रयतेच्या घराने सुरुवात तिथून करू नये, हेलपाटा पडतो.

पुन्हा यादीकडे

बुद्रुकच्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. सातारा-सांगली आणि कोकणातल्या अनेक गावांत अशा पाट्या आहेत आणि लोक रोज त्यांच्याखाली बसतात: या गावातून इतके इसम 1914–1919 च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतके मरण पावले. नावं नाहीत. आमच्या पाटीवर मेलेले तीन.

आता यादीत मी नाव घातलंच नाही. अधिक माहितीच्या रकान्यात गावाचं नाव घातलं, इंग्रज कारकुनाने ऐकून जसं लिहिलं असेल तसं, पाच-सहा प्रकारे. चौथ्या स्पेलिंगला तीन नोंदी आल्या. पाटीवरचा आकडा तीन, यादीत तीन. मी जागची उठले आणि पाणी पिऊन परत आले.

तिघांपैकी दोघांचं पहिलं नाव एकच, आजोबांचं. दोघेही शिपाई, दोघेही मराठा पलटणींतले, दोघेही बसरा स्मारकावर. मोह होत होता, पण इथेच बहुतेक वंशावळी चुकतात, म्हणून दोन रकाने पाडून बसले. एक गेला 1917 साली, दुसरा 1915 साली. फेरफारात साल 1915. एकाच्या बापाचं नाव वेगळं. दुसऱ्याच्या बापाचं नाव कोतवाल बुकातल्या 'बिन'शी आणि नाशिकच्या वहीशी जुळणारं. तीन वेगवेगळ्या कामांसाठी, तीन वेगळ्या माणसांनी, एकमेकांना न विचारता लिहिलेले कागद एकच नाव सांगत होते. एवढ्यावर मी 'हेच' असं लिहिलं.

117 वी मराठा पलटण. 22 नोव्हेंबर 1915.

ती तारीख टेसिफॉनच्या लढाईच्या पहिल्या दिवसाची. बगदादच्या खाली, तैग्रिसच्या काठी, आज सलमान पाक म्हणतात त्या जागी. जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनने त्या दिवशी तुर्कांच्या खंदकांवर हल्ला केला. लढाई 25 तारखेपर्यंत चालली, टाउनशेंडच्या बाजूची साडेचार हजारांहून अधिक माणसं मेली वा जखमी झाली, आणि उरलेली फौज मागे हटून कुतमध्ये अडकली. आपल्या 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी त्या डिव्हिजनमध्ये होत्या. 1922 च्या फेररचनेत त्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत एकत्र आल्या. म्हणजे घरातला "बसरा" हा शब्द जहाजाच्या बंदराचा होता, आणि स्मारकाचाही. आजोबा राहिले ते तिथून कितीतरी वर.

मावशींना सांगताना मी एक गोष्ट स्पष्ट केली. फौज मागे हटली होती, मेलेले मागेच राहिले, आणि हजेरी घेतली ती नंतर. त्यामुळे पलटणीने लिहिलेली तारीख 22 असली तरी माणूस त्या चार दिवसांत कधी गेला हे कागद शपथेवर सांगत नाही. सरकारी तारीख ही आहे, एवढंच. त्यांनी मान हलवली. "लिहिणाऱ्याने ज्या दिवशी लिहिलं तो दिवस चालेल मला."

पंचांग काढलं. 22 नोव्हेंबर 1915, सोमवार, शके 1837, राक्षसनाम संवत्सर. कार्तिकी पौर्णिमा आदल्या दिवशी होऊन गेलेली. कार्तिक वद्य प्रतिपदा.

मी सगळे कागद एका फाइलमध्ये लावून दिले: प्रत्येक नक्कल, तिच्यामागे ती कुठून, कोणत्या तारखेला आणि कोणत्या नमुन्यातून घेतली याची ओळ, मोडीचं लिप्यंतर शेजारी, आणि जिथे माझा तर्क आहे तिथे पेन्सिलने 'तर्क' असं लिहिलेलं. पुढे कोणाला माझं म्हणणं खोडायचं असेल तर ते त्याच फाइलवरून खोडता यायला हवं. आजीचं माहेर अजून उरलं आहे. मामाचं आडनाव शाळेच्या रजिस्टरात आहे, तिथून सुरुवात करता येईल.

मावशींनी फाइल मांडीवर घेतली आणि आजोबांची पानं हळूहळू उलटली. मग त्या कोतवाल बुकाच्या नकलेशी थांबल्या. ऑक्टोबर 1918. मी बोट ठेवून ओळ दाखवली. त्यांनी ते नाव एकदा मनात वाचलं असावं, कारण ओठ हलले. मग मोठ्याने वाचलं. पुन्हा वाचलं, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून भावाला हाक मारली.

"अरे, आजीचं नाव सापडलं."

त्या वर्षी कार्तिक वद्य प्रतिपदेला मी त्यांच्याकडे जेवायला होते. पानं दोन वाढली होती.